देवाची कृपा, मर्यादित

घानात, आमच्या आक्रात, दुकानाची पाटी ही मालकाची कुंडली असते. ‘उद्याचं कोणाला ठाऊक’ अशी पाटी दिसली की आत शवपेट्या मिळतात. ‘घाई कोणाला आहे’ या नावाखाली पंक्चर काढतात. ‘बघणारे काळजीत पडलेत’ हे केस कापायचं दुकान आहे, आणि तिथून बाहेर पडणाऱ्यांची डोकी बघून मला तरी ते नाव खरं वाटतं. त्यामुळे टेशीच्या समुद्राकाठी आंटी शोर्मेच्या टेबलावर एकतीस वर्षं ‘देवाची कृपा’ अशी पाटी होती, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटलं ते कायद्यानं त्यापुढे आणखी एक शब्द लिहायला सांगितला तेव्हा.

तो शब्द लिहिणारा मी होतो, म्हणून हे सांगायचं.

मी एकोणीस वर्षं एका हायस्कुलात वाणिज्य शिकवलं. दरवर्षी तिसऱ्या सत्रात ‘व्यवसायाचे प्रकार’ हा धडा यायचा: एकट्याचा धंदा, भागीदारी, मर्यादित कंपनी, फायदे पाच, तोटे पाच. माझ्या हाताखालून गेलेल्या दीड हजार पोरांपैकी एकानंही धंदा काढला नाही. निम्मी कॅनडाला गेली, उरलेली धर्मोपदेशक झाली. शेवटी कोणीतरी तो धडा वापरावा म्हणून मी नोकरी सोडली आणि कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या समोरच्या फुटपाथवर, कडुनिंबाखाली, टेबल आणि छत्री टाकून बसलो. लोकांचे अर्ज भरून देतो. त्याला आता अकरा वर्षं झाली. कोणी मला दलाल म्हणतात, ते खरं नाही. दलालाकडे छत्री नसते.

त्या सोमवारी आंटी शोर्मे आली ती मुलीला घेऊन. आंटी साठीची, अंगानं भरलेली, दोन्ही मनगटांवर वाफेनं भाजल्याचे जुने डाग. केंकी करणाऱ्या बाईची ओळख तीच. मका भिजवायचा, दळायचा, दोन-तीन दिवस आंबवायचा, अर्धं पीठ शिजवून अर्ध्या कच्च्यात मिसळायचं, गोळे करून कणसाच्या सालांत गुंडाळायचे आणि मोठाल्या हंड्यांत उकडायचे. हे एकतीस वर्षं रोज केलं की मनगटं अशी होतात. मुलगी ओमोले विमा कंपनीत कारकून. गळ्यात फोटोचं ओळखपत्र, आणि ते सुट्टीच्या दिवशीही तिथंच असतं, असं आंटीनं मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.

काम साधं होतं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाला पाहुण्यांच्या ताटात अस्सल केंकी हवी होती. आठवड्याला चारशे गोळे. मॅनेजरनं टेबलापाशी उभं राहून दोन खाल्ले होते, तळलेल्या माशाबरोबर, आणि मिरचीचा ठेचा मागून घेतला होता. अट एकच: हॉटेल फक्त नोंदलेल्या कंपनीकडून माल घेतं, आणि कागद शुक्रवारपर्यंत पाहिजेत.

मी धडा सुरू केला. एकोणीस वर्षांत असे श्रोते मिळाले नव्हते. म्हटलं, आंटी, कंपनी म्हणजे कायद्यानं जन्माला घातलेलं एक वेगळं माणूस. ती वेगळी, तुम्ही वेगळ्या. उद्या एखाद्या पाहुण्याच्या पोटात दुखलं आणि त्यानं दावा लावला, तर तो कंपनीवर लावेल. जातील ते कंपनीचे हंडे. तुमचं घर राहील.

घर हा शब्द ऐकून आंटी पहिल्यांदा पुढे सरकली. त्या घराबद्दल मग मला सगळं कळलं. चार खोल्या, बावीस वर्षांत बांधलेल्या, जमेल तसतशा सिमेंटच्या विटा आणून. पहिली खोली ज्या वर्षी हेरिंग मासळी इतकी आली की लोक मासे फुकट वाटत होते आणि बरोबर खायला केंकी विकत घेत होते, त्या वर्षीची. दुसरी निवडणुकीच्या वर्षीची, कारण सभांना माणसं आणली की त्यांना जेवायला घालावं लागतं. त्या घराच्या अंगणात चुली, त्या घरात ती, ओमोले आणि दोन विधवा बहिणी. एवढं घर सोडलं तर तिच्याकडे हंडे होते आणि नाव होतं.

“मग तीच कंपनी लिहा,” ती म्हणाली. “घर राहणारी.”

अर्ज भरायला घेतला. संचालक दोन, आई आणि मुलगी. सेक्रेटरी कोण, तर आंटीनं चर्चच्या गायनवृंदाच्या सेक्रेटरीचं नाव सुचवलं, कारण ती वेळेवर येते. त्यासाठी पात्रता लागते म्हटल्यावर ओमोलेनं ऑफिसातली एक मैत्रीण शोधली. मग आला तो रकाना, ज्यात कंपनीचा अंतिम लाभ कोणाला मिळणार ते लिहायचं असतं. मुखवट्यामागचे मालक सरकारला कळावेत म्हणून तो ठेवलाय. मी विचारलं, आंटी, या सगळ्याचा शेवटी लाभ कोणाला?

“देवाला,” आंटी म्हणाली.

मी तिला सांगितलं की लाभधारकाचा राहण्याचा पत्ता, राष्ट्रीयत्व आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो. आंटीनं थोडा विचार केला आणि तात्पुरतं स्वतःचं नाव घालायला परवानगी दिली.

शेवटी मी नाव लिहिलं आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. ती सवय लागली नसती तर बरं झालं असतं. कायद्याची भाषा इंग्रजी, पण मी गिऱ्हाइकाला अर्थासकट वाचून दाखवतो.

“‘देवाची कृपा, लिमिटेड.’ म्हणजे मर्यादित.”

आंटीचा हात अंगठ्याच्या शाईपर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला.

“परत वाचा.”

मी परत वाचलं.

“कोणी केली?”

“काय?”

“मर्यादित.”

“सरकारनं,” मी म्हणालो.

आंटीनं पदराच्या टोकाला बांधलेली किल्ली तपासावी तसं कमरेचं कापड घट्ट केलं, उठली आणि म्हणाली की हे ओसोफोंना विचारल्याशिवाय व्हायचं नाही. ओसोफो म्हणजे आमच्याकडचे धर्मोपदेशक. तिचे ओसोफो बोर्टे. ‘विजयाचा अग्नी’ या प्रार्थना-मंदिराचे.

मंगळवारी सकाळी ती ओमोलेसह परत आली, तीही उत्तर घेऊन. ओसोफोंनी रात्रीच्या प्रार्थनेची वाट न पाहता तिथल्या तिथं सांगितलं होतं की देवाच्या कृपेपुढे मर्यादा लिहिणं म्हणजे समुद्राला झाकण लावणं. कायद्यात अमर्यादित कंपनी असली पाहिजे, आणि असेल तर तीच.

दुर्दैवानं ती आहे. धड्याच्या शेवटी तळटीपेत एक ओळ असायची: अमर्यादित कंपनी, क्वचित आढळते. ती ओळ परीक्षेत कधी आली नाही, आणि कडुनिंबाखाली अकरा वर्षांत कोणी मागितली नाही. नाही म्हणून सांगितलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. पण शिक्षकाला एकदा प्रश्न विचारला की उत्तर तोंडातून निसटतं. मी म्हणालो, “आहे.”

ओमोलेनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिचं घर त्याच क्षणी लिलावात काढलं होतं.

तसं पाहिलं तर तिचं चूक नव्हतं. अमर्यादित कंपनीत मालकाच्या जबाबदारीला कुंपण नसतं. कंपनी बुडाली आणि तिचे हंडे पुरले नाहीत तर उरलेल्याची भरपाई मालकाच्या खिशातून व्हायची. आंटीचा खिसा म्हणजे त्या चार खोल्या. हेरिंगची खोली, निवडणुकीची खोली, सगळ्या. मी हे दोनदा सांगितलं. ओमोलेनं तिसऱ्यांदा सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. आंटी शांतपणे म्हणाली की घर देवानं दिलं, तो दिलेलं परत कशाला घेईल.

“देव नाही घेणार, मा,” ओमोले म्हणाली. “वकील घेईल.”

मग मायलेकींत जे झालं ते कार्यालयाच्या पहारेकऱ्यानंही ऐकलं. ओमोलेचं म्हणणं, आईला ओसोफोंची भीती जास्त आणि पोरीची माया कमी. आंटीचं म्हणणं, विमा कंपनीत काम करणाऱ्याला सगळीकडे अपघातच दिसतात. मी मध्ये पडून एक तोड सुचवली: नाव बदला. ‘शोर्मेज केंकी लिमिटेड’. स्वतःला मर्यादा घालायला तर हरकत नाही. आंटी म्हणाली, एकतीस वर्षं लोक ‘देवाची कृपा’ कुठे बसते म्हणून विचारत आलेत, आता काय शोर्मेची कृपा विकू? त्यावर मी व्याकरणात शिरलो. म्हटलं, ‘देवाची कृपा केंकी घर लिमिटेड’ असं लिहू, म्हणजे मर्यादा घराला लागली, कृपेला नाही. विशेषण जवळच्या नामाला लागतं. आंटी म्हणाली की तिची गिऱ्हाइकं केंकी घ्यायला येतात, व्याकरणाला नाही.

बुधवारी ती एकटी आली. ओमोले ऑफिसला गेली होती, न बोलता. आंटीनं मला पानात गुंडाळलेला मासा आणि दोन केंकी दिल्या, एक विकतची, एक वरची, म्हणजे बिनपैशाची. ही वरची केंकी मला गेली अनेक वर्षं मिळते, कारण एकदा मी तिच्या बहिणीचा पेन्शनचा अर्ज भरून दिला होता. मी सालं सोडत बसलो.

सालं हातात आली तशी मला उपमा सुचली. फार सुंदर उपमा होती, अजूनही वाटतं. मी म्हणालो, “आंटी, हे साल बघा. पीठ सालाबाहेर गेलं तर हंड्यात पसरून त्याची पेज होते. साल आहे म्हणून ती केंकी आहे. मर्यादा म्हणजे हे साल. त्यानं पिठाचा अपमान होतो का?”

आंटीनं माझ्याकडे पाहिलं, जसं ती दळून आणलेल्या जाड्याभरड्या पिठाकडे पाहते.

“टीचर, सालात मावेल तेवढंच पीठ मी घेते. माप माझ्या हाताला आहे. देव काय पीठ आहे?”

मी दुसरी केंकी सोलायला घेतली.

मग तिनं आपणहून सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी ती बहिणीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर विकायची. नवरा बोटीवर गेला तो दुसऱ्याच बंदराला लागला आणि तिथेच रमला. तान्ही ओमोले पाठीला बांधलेली. एका सकाळी तिनं पहिल्यांदा स्वतःचा हंडा लावला, उसन्या मक्याचा. आठ वाजेपर्यंत हंडा रिकामा. लोक परत जात होते. तिला वाटलं मोजण्यात चूक झाली असेल, म्हणून तिनं सालं मोजली. चूक नव्हती. त्या दिवशी तिनं पाटी रंगवून घेतली आणि मनात देवाला एक शब्द दिला.

“त्यानं मला मोजून दिलं नाही,” ती म्हणाली. “मी त्याचं नाव मोजून कसं लिहू?”

धड्यातले फायदे पाच, तोटे पाच, त्यात हे कुठंच बसत नव्हतं.

“आणि घर?” मी विचारलं.

तिनं कापडाची घडी घातली, उलगडली. म्हणाली, काल संध्याकाळी घराभोवती एक फेरी मारली. प्रत्येक वीट ओळखते मी, टीचर. कोणतीत सिमेंट कमी होतं, कोणत्या ट्रकवाल्यानं दहा कमी टाकल्या. फेरी पूर्ण करेपर्यंत तीनदा विचार बदलला. असं म्हणून ती उठली. उद्या ओसोफोच येतायत, म्हणाली, त्यांच्यासमोर अंगठा देईन. अमर्यादितवर. शुक्रवार परवावर आलाय.

ती निघता निघता मी शेवटचा दगड मारून पाहिला. म्हटलं, पाटीवर ‘अनलिमिटेड’ असं मोठ्या अक्षरात येणार नाही बरं का, कायद्यानं त्याचं आखूड रूप ठरवलंय: प्रुक. आंटी थबकली. “प्रुक,” तिनं म्हणून पाहिलं. “प्रुक. कोंबडी अंड्यावरून उठल्यासारखं वाटतं.” क्षणभर आशा वाटली. पण पूर्ण नाव लिहायचीही सोय आहे, हे सांगण्याचा प्रामाणिकपणा मला नडला.

गुरुवारी ओसोफो बोर्टे आले. देह मोठा, आवाज त्याहून मोठा, मोटार लहान. मोटारीतून उतरताना त्यांना आणि मोटारीला दोघांनाही सुटल्यासारखं झालं. मागून आंटी उतरली, ठेवणीतलं कापड नेसून. ओमोले ट्रोट्रोनं, म्हणजे शेअरच्या व्हॅननं आली, अर्धी रजा टाकून, आणि आईशी न बोलता स्टुलावर बसली.

ओसोफोंनी आधी सगळ्यांसाठी प्रार्थना केली. माझ्या छत्रीसाठीही केली. मग म्हणाले, आंटीचं काम होईपर्यंत माझंही एक उरकून टाका, आणि बगलेतली फाइल टेबलावर ठेवली. प्रार्थना-मंदिराचं वार्षिक विवरणपत्र भरायचं राहिलं होतं. दरवर्षी राहतं.

फाइल उघडली तर सगळ्यात वर मंदिराचं नोंदणीपत्र, प्लॅस्टिकमध्ये घालून आणलेलं. मी ते पाहिलं आणि चटकन पालथं ठेवलं. एका गिऱ्हाइकाचा कागद दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर पालथा ठेवायचा, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम. शिवाय तो कागद चार वर्षांपूर्वी मीच करून दिला होता, आणि त्यावर काय लिहिलंय ते मला पाठ होतं. ओसोफोंना मी तेव्हा सगळं समजावून सांगितलं होतं. ते तेव्हा फोनवर होते.

पण ओसोफोंना त्या कागदावरच्या लाल शिक्क्याचा अभिमान होता. त्यांनी तो उलटा करून आंटीकडे सरकवला. म्हणाले, बघ, नोंदणी अशी असते. देवाचं काम करायचं तर कागद स्वच्छ पाहिजे.

आंटीनं कागद जवळ घेतला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. पण जी बाई नुसत्या वासावरून पीठ किती आंबलंय ते सांगते, तिला चार दिवस ज्या शब्दाशी भांडण झालं तो शब्द ओळखायला मुळाक्षरं लागत नाहीत. तिचं बोट नावावरून सरकत सरकत एका जागी थांबलं.

“टीचर, हा तोच ना?”

मी कडुनिंबाकडे पाहिलं. “कोणता, आंटी?”

“तोच. आधी वाकडी काठी. मध्ये दोन डोंगर. शेवटी पोट सुटलेला माणूस.”

ओसोफोंनी नकळत कोट ओढून घेतला. ओमोले स्टुलावरून उठली, आईच्या खांद्यावरून वाकली आणि शाळेत वाचायला उभं केलेल्या मुलीसारखं एकेक अक्षर वाचलं:

“‘विजयाचा अग्नी प्रार्थना-मंदिर, लिमिटेड बाय गॅरंटी.’”

समोरून एक ट्रोट्रो गेली. बराच वेळ जात होती असं वाटलं.

“ते एल बी जी आहे,” ओसोफो म्हणाले. “आपल्या पाटीवर तेच आहे. एल बी जी. लॉर्ड ब्लेस घाना.”

“तसंही म्हणतात,” मी म्हणालो.

ओसोफोंनी माझ्याकडे पाहिलं. आवाज प्रथमच देहापेक्षा लहान झाला. “टीचर, याचा अर्थ काय?”

मग मी सांगितलं, कारण आता कागद उताणा होता. हमीनं मर्यादित. चर्च, शाळा, संघटना अशाच नोंदतात. उद्या मंदिराची भिंत कोणाच्या अंगावर पडली आणि मंदिराकडचं पुरलं नाही, तर प्रत्येक सभासद त्यानं लिहून दिलेल्या हमीएवढंच देणं लागतो. त्यापुढे कोणाच्या दाराशी कोणी येत नाही.

“माझ्याही?”

“तुमच्याही. ते दुमजली घर, हिरव्या काचांचं, ते सुरक्षित.”

ओसोफोंनी पाण्याची पिशवी उचलली, दातांनी तिचा कोपरा तोडला आणि ती एका दमात रिकामी केली. मग म्हणाले, “देव दूरदृष्टीचा आहे.”

ओमोलेच्या तोंडावर जे यायला लागलं होतं ते मी डोळ्यांनीच थोपवलं. आंटी मात्र हसत नव्हती. तिचं बोट अजून त्या शब्दावर होतं. तिनं विचारलं त्यात टोमणा नव्हता. तसा तो असता तर ओसोफोंना उत्तर देणं सोपं गेलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“ओसोफो, देवाच्या घराला कुंपण चालतं, तर माझ्या चुलीला का नाही?”

ओसोफो बोर्टेंची मी या गोष्टीत थोडी थट्टा केली आहे, म्हणून पुढचं प्रामाणिकपणे लिहितो. ते उठून जाऊ शकले असते. माझ्यावर घसरू शकले असते. त्यांनी नोंदणीपत्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि चार वर्षांत पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं.

“मी चुकलो, आंटी,” ते म्हणाले. “कुंपण देवाला नाहीच. ते माणसाच्या वचनाला आहे. माणसानं आपल्याच्यानं देववेल तेवढंच कबूल करावं. त्याच्यापुढचं कबूल करतो तो देवावर विश्वास टाकत नाही, देवाच्या नावावर बोली लावतो.”

एकोणीस वर्षं मी मर्यादित जबाबदारी शिकवली. इतकी चांगली एकदाही शिकवली नाही.

आंटीचे खांदे खाली आले. चार दिवसांत पहिल्यांदाच, आणि तेवढ्यानं ती एकदम दमलेली दिसली. ओमोलेनं न बोलता स्टूल तिच्याखाली सरकवलं. पण आंटी बसली तरी पूर्ण सुटली नव्हती. म्हणाली, मला पटलं, ओसोफो. पण पाटी मी एकटी वाचत नाही. येणारा-जाणारा वाचणार, ‘देवाची कृपा लिमिटेड’. प्रत्येकाला थांबवून हे सगळं कुठे सांगत बसू? तोवर केंकी गार होईल.

ओसोफोंनी माझ्याकडे वळून विचारलं की आमच्या पाटीवर जशी तीन अक्षरं आहेत तशी हिला मिळतील का.

“मिळतील. कायद्यात सोय आहे.”

“कोणती?”

“एल, टी, डी.”

ओसोफोंनी डोळे मिटले. मोठ्या सभेत प्रेरणा येते तेव्हा मिटतात तसे. ओठ हलले, एकदा डोकं नकारार्थी हललं, म्हणजे पहिली प्रेरणा बाद झाली असावी. मग डोळे उघडले.

“लॉर्ड्स टेबल, डेली,” ते म्हणाले. “प्रभूचं ताट. रोजच्या रोज.”

आंटीनं ते दोनदा म्हणून पाहिलं. प्रुकसारखं नव्हतं ते. मग तिनं विचारलं, हे कायद्याला चालेल का? मी सांगितलं की अक्षरं कोणती लिहायची ते कायदा सांगतो. लोकांनी ती वाचून काय समजावं यावर कायद्याचं काही म्हणणं नाही.

आंटीनं अंगठा शाईत बुडवला आणि असा दाबला की खालच्या दोन प्रतींवरही उमटला. तो अर्ज मी नंतर परत भरला, कारण प्रतींवर अंगठा चालत नाही. पण तो पहिला कागद मी अजून ठेवलाय.

शुक्रवारी दुपारी नोंदणीपत्र हातात आलं. खिडकीवरच्या बाईंनी नाव वाचलं, आंटीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्हीच का त्या, टेशीच्या वळणावरच्या? ठेचा तिखट करता हां. ओमोले कागद घेऊन तशीच हॉटेलवर गेली, गळ्यात ओळखपत्र होतंच, त्यामुळे दारवानानं अडवलं नाही.

पुढच्या रविवारी प्रवचन ‘कुंपण’ या विषयावर झालं. मी चर्चला नियमानं जात नाही, पण ते ऐकायला गेलो. ओसोफोंनी माझं नाव घेतलं नाही. सालाची उपमा मात्र घेतली. केंकीचं साल, पीठ, पेज, सगळं जसंच्या तसं. आंटीनं ती त्यांना सांगितली असणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आंटीही वाजवत होती. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आंटी, हीच उपमा मी दिली तेव्हा तुम्ही मला विचारलंत, देव काय पीठ आहे. आंटी म्हणाली, तुम्ही खाता खाता बोललात, टीचर. उपमा उभं राहून द्यायची असते.

महिनाभरानं मी टेशीला गेलो. पाटीवाला आला होता. त्यानं सवयीप्रमाणे घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर चुना मारायला घेतला होता, कारण आमच्याकडे पाटी भिंतीवरच रंगवतात, खर्च वाचतो. आंटीनं त्याला थांबवलं. म्हणाली, भिंतीला हात लावायचा नाही. भिंत माझी आहे. पाटी कंपनीची आहे. कंपनी वेगळी, मी वेगळी. त्यानं बिचाऱ्यानं डोकं खाजवलं आणि मग फाटकाबाहेर, गटाराच्या पलीकडे, एक खांब रोवला. ‘देवाची कृपा’, आणि खाली लाल रंगात एलटीडी. खांबापासून भिंतीपर्यंत चार पावलं आहेत. ती मी मोजली, आणि दीड हजार पोरांना परीक्षेत लिहिता न आलेलं उत्तर पाहून कौतुकानं तिथंच उभा राहिलो.

मग टेबलापाशी जाऊन दोन केंकी मागितल्या. पैसे एकीचे पुढे केले, रिवाजाप्रमाणे. आंटीनं ते घेतले, एकच केंकी पानावर ठेवली आणि हंड्याचं झाकण लावलं.

“आंटी, वरची?”

“ती आंटी शोर्मे द्यायची,” ती म्हणाली. “हे कंपनीचं आहे, टीचर. तुम्हीच शिकवलंत.”

मी खाली पाहून सालं सोडायला लागलो. आजूबाजूच्या बायका हसत होत्या. तेवढ्यात आंटीनं कमरेच्या कापडाची गाठ सोडली, त्यातून स्वतःचे पैसे काढले, कंपनीच्या डब्यात टाकले, हंड्याचं झाकण उचललं आणि सगळ्यात मोठा गोळा निवडून माझ्या पानावर ठेवला.

“ओमोले,” तिनं आत हाक मारली, “पावती लिही. गिऱ्हाईक, शोर्मे.”